उन्हात नेऊन बघा

लग्नसराईत भालकीच्या किंवा बसवकल्याणच्या बाजारात एखाद्या जुन्या कापडदुकानात शिरलात, तर हे दृश्य हमखास दिसतं. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, समोर मांडी घालून बसलेल्या सात-आठ बायका, आणि त्यातली एक जण पदराचं टोक नि ब्लाउजपीस हातात घेऊन दाराकडे निघालेली. तिला पाठवतो दुकानदारच. “अक्का, उन्हात नेऊन बघा. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही.” आत दिव्याखाली दोन्ही कापडं एकाच वांगी रंगाची दिसत होती. पायरीवर येताच साडी निळसर होते, ब्लाउजपीस तांबूस. ती परत येते, मान हलवते. दुकानदार न बोलता दुसरा गठ्ठा सोडतो.

दहा पावलांत रंग बदलला. कापड तेच, डोळे तेच. मग बदललं काय?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच जातींच्या असतात. प्रकाशात कितीही तरंगलांबींची सरमिसळ असो, मेंदूकडे जातात ते या तीन पेशींचे तीन आकडे. म्हणजे डोळा सगळा हिशेब वाचतच नाही, फक्त बेरजा बघतो. साडीच्या रेशमावर एक रंगद्रव्य, ब्लाउजच्या पॉलिस्टरवर दुसरंच. दोन्ही प्रकाशाचे वेगवेगळे भाग परत फेकतात, पण दुकानातल्या दिव्याखाली तिन्ही बेरजा योगायोगाने जुळतात आणि आपण म्हणतो, मॅचिंग झालं. उन्हाचा प्रकाश सलग असतो, ट्यूबलाइट आणि एलईडीचा मात्र कुठे उंच, कुठे खोल. दिवा बदलला की बेरजा बदलतात आणि जुळलेली जोडी फुटते. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत यासाठी आतून करड्या रंगाची एक पेटी असते. तिच्यात दिवसाच्या उजेडाचा डी-65, युरोपातल्या दुकानांसारखा टीएल-84 आणि जुन्या पिवळ्या बल्बसारखा ‘ए’ असे दिवे आलटूनपालटून लावतात, आणि कापडाचा तुकडा सगळ्यांखाली जुळला तरच माल पुढे जातो. भालकीच्या दुकानदाराकडे ही पेटी नाही. त्याच्याकडे पायरी आहे.

ही पायरीवरची परीक्षा घेण्यासाठी मोठ्या शहरांत पगारी माणूस ठेवलेला असतो. फॅशन को-ऑर्डिनेटर. कपडा तो शिवत नाही, बहुतेक वेळा रेखाटतही नाही. एखाद्या ब्रँडचा या हंगामातला कुर्ता, त्याखालची सलवार, कानातलं, चप्पल, दुकानाची काच, जाहिरातीतली मुलगी आणि तिच्या मागची भिंत या सगळ्यांचं एकमेकांशी जमतं आहे ना, हे तो पाहतो. डिझायनर, खरेदी करणारा, छायाचित्रकार, शिंपी, गोदाम या सगळ्यांच्या मधे उभं राहून तारखा आणि रंग दोन्ही सांभाळणं हे त्याचं काम. अमेरिकेत या कामाचा पेशा झाला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्समुळे. एकेका दुकानात टोप्या एका मजल्यावर, बूट दुसऱ्या, झगे तिसऱ्या, आणि प्रत्येक मजल्याचा खरेदीदार आपल्या मनाने माल भरणारा. टोपीला साजेसा झगा दुकानातच मिळेना. न्यूयॉर्कच्या टोबे कोलर डेव्हिस या बाईंनी 1927 मध्ये दुकानांना असा सल्ला देणारी स्वतःची संस्था काढली आणि 1937 मध्ये ज्युलिया कोबर्न यांच्यासोबत फॅशनच्या नोकऱ्यांसाठी मुलींना तयार करणारी शाळा उघडली.

हे वाचताना मला राहून राहून वाटतं की या बाईंनी आपल्याकडचा एखादा बस्ता पाहायला हवा होता.

बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर, औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत, लग्नाची खरेदी म्हणजे बस्ता. उदगीर-निलंग्याकडेही तीच रीत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. सरहद्द सरकली, बस्त्याची रीत सरकली नाही. नवरा-नवरी दोन्हीकडची मंडळी जीप करून येतात आणि सकाळी बसलेली दिवे लागेपर्यंत उठत नाहीत. नवरीचा शालू, हळदीची साडी, मामाकडची पिवळी अष्टपुत्री, करवलीची साडी, दोन्ही विहिणींच्या साड्या, आत्या, मावश्या, काकू, जावा, नणंदा यांच्या मानाच्या साड्या, मग देण्याघेण्याच्या साड्या, शर्ट-पँटचे पीस, उपरणी, फेटे, टॉवेल-टोप्या. दुकानात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वाक्यात चाललेली. रंगांची नावं तर तिन्ही भाषांतून येतात आणि त्यावरून कुणाचं अडत नाही.

आता याकडे कोडं म्हणून बघा. नवरीच्या शालूसारखा रंग करवलीला नको, पण फोटोत शेजारी उभी राहिली तर विसंगतही दिसायला नको. थोरल्या जावेची साडी धाकटीपेक्षा हलकी दिसली तर रुसवा, आणि पैसे तर दोघींना सारखेच लावलेले. विहीणबाईंना गडद रंग खपत नाही, आजींना जरीचे काठ टोचतात, एका मावशीला काळ्याचा धागाही चालत नाही. नवरदेवाचा फेटा आता शालूला मॅचिंग हवा, कारण फोनवर फोटो जाणार. वर बजेट ठरलेलं, आणि ते फक्त कोपऱ्यात गप्प बसलेल्या काकांना माहीत. एवढ्या अटी एका दिवसात, हातात असलेल्या मालातून सोडवायच्या. गादीवरचा मुरलेला माणूस हे सोडवतो. कसं, ते त्याला विचारलं तर सांगता येत नाही. त्याच्या शेजारी बसून पाहिलं तर कळतं. तो पहिली साडी कधीच सगळ्यात चांगली टाकत नाही. नवरीकडे बघून साडी उलगडतो, पण नजर ठेवतो निर्णय घेणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर, आणि ती बाई कोण हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलेलं असतं. आवडलेल्या साडीच्या बाजूला तो मुद्दाम एक फिकी साडी ठेवतो. आवडलेली आणखी खुलते.

ही शेवटची युक्ती त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, पण तिच्यावर पुस्तक मात्र आहे, आणि त्याची जन्मकथा मोठी गमतीची. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार आली होती की काळा धागा नीट रंगत नाही. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो मळकट दिसतो. शेव्रलने काळा रंग तपासला. तो उत्तम होता. दोष होता शेजाऱ्याचा. निळ्याच्या लगत आलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध छटेचा भास चढत होता. रंग आपल्याला एकटा कधी दिसतच नाही. जो दिसतो तो शेजारासकट दिसतो. 1839 मध्ये त्याने याचा जाडजूड ग्रंथ काढला आणि पुढे चित्रकारांच्या पिढ्यांनी तो अभ्यासला. स्वतः शेव्रल 1786 ते 1889 असा शंभरी ओलांडून जगला.

शेव्रलचा नियम हातात घेऊन बघायचा असेल तर बिदरच्या बिदरी कारागिराकडे जावं. बिदरीचं भांडं बहुतांश जस्ताचं, त्यात थोडं तांबं. ओतकाम झालं की मोरचुदाच्या पाण्याने त्यावर तात्पुरती काळी झाक आणतात, ती केवळ कोरताना रेघ दिसावी म्हणून. मग छिन्नीने नक्षी खोदून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी घासून सगळं करडं-पांढरं झालेलं असतं, चांदी कुठे आणि जस्त कुठे ते चटकन कळतही नाही. आणि मग ती माती येते. किल्ल्याच्या जुन्या भागातली, वर्षानुवर्षं ऊनपाऊस न लागलेली. कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून तिची पारख करतात. नवसागराबरोबर तिचा लगदा तापवून भांड्यावर लावला की जस्त काळंकुळकुळीत होतं आणि चांदीला काहीही होत नाही. एकच लेप, एकच भांडं. एक धातू विझतो, दुसरा पेटतो. चांदीत तसूभर फरक पडलेला नसतो, पण ती आधीपेक्षा दुप्पट पांढरी वाटते, कारण आता तिला शेजार मिळाला. बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना या कलेसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. बिदरीचे कफलिंक आणि बटणंही होतात. शेरवानीवर ती लावायची तर कापडाचा रंग कोणता, चकाकी किती, हा प्रश्न कुणी सोडवायचा? ज्या मुलीला फॅशन को-ऑर्डिनेशनमध्ये जायचंय तिने बिदरमध्ये राहून एकदाही कारखान्यात बसून हे काळं होताना पाहिलं नसेल, तर तिने आपली सगळ्यात जवळची शाळा बुडवली असं मी म्हणेन.

जवळच्या शाळा आणखीही आहेत. कासाराचंच घ्या. बाई बांगड्या भरायला बसली की तो पदर मागून घेतो, बांगड्यांच्या तोड्यांवर ठेवतो, सरकवत सरकवत नेतो. रंग लक्षात ठेवून तो कधी बांगडी काढत नाही. बरोबरच आहे, कारण रंगाची स्मरणशक्ती माणसाला फार कच्ची मिळालेली आहे. समोर ठेवलेल्या दोन छटांतला अगदी बारीक फरक डोळा पकडतो, पण त्यातली एक नजरेआड केली की आठवणीतला रंग सरकतो. म्हणूनच जुन्या बायका अस्तर आणायला जाताना पदराच्या दशीचा एक धागा तोडून पदराच्या गाठीत बांधून न्यायच्या. को-ऑर्डिनेटरच्या पिशवीतही कापडाचे तुकडे टाचलेली वही असते. दोन्हींत फरक गाठीचा आणि टाचणीचा.

या नजरेची परीक्षाही घेता येते. फार्न्सवर्थ-मन्सेल 100 ह्यू नावाची एक चाचणी आहे, तिच्यात रंगीत टोपणं छटेच्या क्रमाने लावायची असतात. नावात शंभर असले तरी टोपणं 85. कापडउद्योगात रंग तपासायला माणूस घेताना ती देतात. रंगांधळेपणा पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, कारण त्याची नेहमीची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाला ते एकच मिळतं. मुलांनी या पेशात यायचं ठरवलं तर आधी डोळे तपासून घ्यावेत. उशिरा कळण्यापेक्षा बरं.

गोरज मुहूर्ताचाही एक चमत्कार आहे. उजेड मावळत गेला की आपली दृष्टी शंकुपेशींकडून दंडपेशींकडे जाऊ लागते. दंडपेशींना अंधुक प्रकाशात छान दिसतं, पण तांबडा त्यांना जवळजवळ दिसत नाही. हिरवा-निळा मात्र उठून दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने पहाटेच्या फुलांकडे बघताना हे टिपलं: दिवसा झगझगणारी लाल फुलं झुंजुमुंजूला काळपट, आणि पानं त्यांच्याहून उजळ. म्हणजे भर दुपारी मांडवात पेटलेला लालभडक शालू संध्याकाळी ऐन अक्षता पडताना विझतो आणि मागे उभ्या असलेल्या करवलीची मोरपंखी साडी पुढे येते. आता हॅलोजनच्या उजेडात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वीज गेली आणि जनरेटर चालू व्हायला दोन मिनिटं लागली, तर बघा. ज्याला हे ठाऊक आहे तो गोरजाच्या लग्नात लाल शालूला जरीचा रुंद काठ मागतो, कारण जर थोड्याशा उजेडालाही चमक देते.

आपल्या आज्यांचं इरकल लुगडं हा या साऱ्या विद्येचा जुना नमुना. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं हे वाण सीमाभागात घरोघर. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा, दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडतात आणि मग विणायला घेतात. त्यामुळे पदर अंगाच्या रंगाशी बांधलेला राहत नाही. अंग काळं-निळं चौकडीचं असो की हिरवं, पदर तांबडा-पांढरा, फणीच्या दात्यांसारख्या नक्षीचा. त्यावर चोळी गुळेदगुडच्या खणाची. खणाला दोन्ही कडांना काठ असतात, ते चोळी शिवताना बाहीवर येतात आणि तांबड्या पदराला जाऊन भिडतात. एक गाव लुगडं विणतं, दुसरं गाव चोळी. ग्राहक भलत्याच जिल्ह्यात, आणि तरी सगळं जमून येतं. हे जमवणारा एक माणूस दाखवता येत नाही. अलीकडे खणाच्याच सहावारी साड्या निघाल्या आणि पुण्या-मुंबईत चालल्या. मला त्या साड्या फारशा आवडत नाहीत. खण हा थोडा असला की खुलतो, अंगभर झाला की कलकलाट करतो. पण खपतात, आणि का खपतात याचा विचार करणं हेही याच धंद्याचं काम.

कपडा अंगावर येऊन समाजाची आवड बदलतो, हे मराठी माणसाने रंगभूमीवर पाहिलं. नाटक कंपनीच्या सामानात कपडेपट हे वेगळं खातं असे आणि बालगंधर्वांच्या कपडेपटावर पाण्यासारखा पैसा वाहिला. त्यांचं नेसणं, गजरा माळणं, पदर घेणं घराघरांतल्या बायकांनी उचललं. एका पुरुषाने स्टेजवर लुगडं कसं नेसलं यावरून बायकांची फॅशन ठरली! याहून मोठा विस्मय मला तरी ठाऊक नाही. त्या कपडेपटात पेट्या उघडणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, प्रवेशाआधी निऱ्या सारख्या करणाऱ्या पोरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आजच्या भाषेत ते असिस्टंट.

ज्यांचं नाव लिहिलं गेलं त्या भानू अथैया. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात 28 एप्रिल 1929 ला जन्म. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते लवकर गेले. भानूताई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, बक्षिसं मिळवली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर चित्रंही मांडली. पण पुढचा रस्ता गॅलरीतून गेला नाही. त्या ‘ईव्ज वीकली’सारख्या बायकांच्या नियतकालिकांसाठी कपड्यांची रेखाटनं करू लागल्या. अंकाची तारीख आली की रेखाटन हवंच. कापड कसं पडतं, काठ कुठे येतो, यंदा बाही किती, हे आठवड्यामागून आठवडे कागदावर उतरवायचं. मग त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटिक उघडलं आणि रेखाटणाऱ्या मुलीलाच विचारलं, प्रत्यक्ष कपडे करून बघतेस का? बुटिकमध्ये सिनेमातल्या नट्या येऊ लागल्या. तिथून 1950 च्या दशकात पडदा, ‘सीआयडी’, ‘श्री 420’, 1966 च्या ‘आम्रपाली’साठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास, आणि 11 एप्रिल 1983 ला ‘गांधी’साठी जॉन मोलोंसह ऑस्कर. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं. त्या सिनेमात दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून पंच्यापर्यंतचा प्रवास कपड्यांनी सांगायचा होता, तोही हजारोंच्या गर्दीसकट. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी हे पेललं, कारण विशीत त्यांनी दर आठवड्याला कपडे रेखाटले होते. 2012 मध्ये त्यांनी ते ऑस्कर जपून ठेवण्यासाठी अकादमीकडे परत सोपवलं. 15 ऑक्टोबर 2020 ला त्या गेल्या.

भानूताईंच्या या गोष्टीत मला ऑस्करपेक्षा बुटिकआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. कुणी त्यांना ‘अनुभव’ म्हणून काही दिलं नव्हतं. छोटं, पैशाचं, तारखेचं काम होतं, आणि ते कपड्याच्या अगदी जवळचं होतं. औरादच्या मुलीला असं काम मिळतं का? मिळतं, फक्त त्यावर पाटी नसते. लग्नसराईत दुकानांना माणसं कमी पडतात. घड्या घालायला, गठ्ठे सोडायला, उधारीच्या वहीशेजारी बसून कुणाला काय गेलं ते लिहायला. घडी घालणारी हजार साड्या हाताळते, आणि हाताला पोत कळणं हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. फॉल-पिको करणाऱ्या काकूंकडे दुपारी बसलं तर कोणत्या कापडाची कड आकसते, कोणती जॉर्जेट सुईखाली पळते, ते कळतं. शिंप्याकडे तर चुका शिकायला मिळतात: चौकडी शिवणीत न जुळलेली, मखमलीचा एक तुकडा उलट्या लवेचा लागून अर्धा झगा गडद दिसणारा.

शाळेचं गॅदरिंग हे दुर्लक्षित विद्यापीठ. तीस मुलं, एक नाच, भाड्याचे कपडे कलबुर्गीहून किंवा लातूरहून येणार, त्यातले चार मापाला कमी. कोणाच्या अंगावर काय, कमरपट्टे किती, पिना किती, परत किती द्यायचे याची यादी करणारी मुलगी त्या संध्याकाळी नेमकं तेच काम करते ज्याला मुंबईत को-ऑर्डिनेशन म्हणतात. स्टेजचे रंगीत दिवे तिला आणखी एक धडा देतात. लाल दिव्याखाली हिरवं परकर-पोलकं काळं पडतं. ते रंगीत तालमीत कळलं तर ठीक, नाहीतर पाहुण्यांसमोर कळतं.

फोन तर सगळ्यांच्या हाती आहे. त्याने साडीचा फोटो काढताना एकदा चौकटीत पांढरा कागद ठेवून काढावा, एकदा न ठेवता. पिवळ्या भिंतीसमोर कॅमेरा पांढऱ्याचा अंदाज कसा चुकवतो ते समजतं. इरकलची बारीक चौकडी फोटोत कधी कधी लाटांसारखी हलताना दिसते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकींवर पडून तिसरीच नक्षी तयार होते. टीव्हीवर निवेदकांना बारीक रेघांचे शर्ट घालू देत नाहीत ते यामुळेच.

आणि बघायला जायचं तर गाणगापूर. भीमा-अमरजेच्या संगमावर पौर्णिमेला तासभर बसा. कोकणातली नऊवारी, सोलापूरकडचं लुगडं, तेलंगणातली नारायणपेठ, पुण्याची कुर्ती-लेगिंग, कर्नाटकातली रेशमी साडी एकामागून एक पायऱ्या उतरत येतात. कोण कुठून आलं ते नेसण्यावरून आधी लिहायचं आणि मग बोली ऐकून ताडायचं. कलबुर्गीत शरणबसवेश्वराच्या जत्रेत आणि बंदेनवाज दर्ग्याच्या उरुसात हाच खेळ वेगळ्या कपड्यांचा. चिंचोळी-आळंदकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचा फेटिया, कांचळी आणि आरसे-कवड्यांनी जडवलेली ओढणी हे तर डोक्यापासून घोट्यापर्यंत एकसंध जमवलेलं रूप. त्यातला एक तुकडा तोडून ‘एथनिक बेल्ट’ म्हणून विकण्याआधी तो कुणाचा, कुठल्या तांड्यावरचा आणि शिवणारीला किती मिळाले, हे लेबलवर यावं असं मला वाटतं. बाजारात हे अजून फार थोडे करतात.

शिक्षणाचं थोडक्यात. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, सिविंग टेक्नॉलॉजी, फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हे ट्रेड असतात. जवळच्या संस्थेत कोणता चालू आहे ते विचारावं लागतं. 1986 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या निफ्टची आता हैदराबाद, बेंगळुरू, मुंबई इथेही केंद्रं आहेत आणि बिदरहून हैदराबाद काही तासांवर. तिथल्या डिझाइनच्या प्रवेशात लेखी परीक्षेनंतर सिच्युएशन टेस्ट असते: समोर ठेवलेल्या साहित्यातून दिलेल्या वेळात काहीतरी उभं करायचं. बस्त्यात बसलेल्या पोरीला ‘हातात आहे त्यातून’ ही अट नवी नसते. कलबुर्गीहून रेल्वेने सोलापूर गाठलं की गणवेश शिवणारे कारखाने आहेत. तिथे शेकडो नगांत एकच निळा टिकवणं म्हणजे काय ते दिसतं.

खुद्द कलबुर्गीत निजामाच्या काळातली महबूबशाही कापडगिरणी होती. ती बंद पडून वर्षं झाली, पण एमएसके मिल हे नाव शहरात आहेच. आणि मार्च 2023 मध्ये केंद्राने देशातल्या ज्या सात ठिकाणी पीएम मित्र वस्त्रोद्यान जाहीर केलं त्यांत महाराष्ट्रातलं अमरावती आहे आणि कर्नाटकातलं कलबुर्गी. असं उद्यान उभं राहिलं की सूत, विणाई, रंगाई, शिलाई एका आवारात येतात, आणि तिथे यंत्र चालवणाऱ्यांइतकीच गरज लागते ती मुंबईच्या खरेदीदाराने पाठवलेला तुकडा आणि इथे रंगवलेला ताका दोन्ही हातांत धरून हो किंवा नाही म्हणणाऱ्याची. ‘नाही’ म्हणताना कारण सांगता आलं पाहिजे. कोणत्या दिव्याखाली फुटलं, तांबूस गेलं की निळसर, धागा बदलायचा की रंग.

म्हणून या वाटेवर निघालेल्या मुलीने आपल्या नमुन्यांच्या वहीत फक्त सुंदर फोटो चिकटवू नयेत. त्यात जमलेल्या जोड्यांबरोबर फसलेल्याही असाव्यात, दोन्ही कापडांचे तुकडे टाचून: दुकानात कशी दिसली, पायरीवर कशी दिसली, मांडवात कशी दिसली, आणि बाईंनी साडी परत का आणली. मुलाखत घेणाऱ्याला सुंदर फोटो दिवसभर दिसत असतात. परत आलेल्या साडीचा हिशेब फार थोडे दाखवतात.